फक्त तुम्हालाच सांगतोय

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत मी लॅबमध्ये काम करते. नवे मॅनेजरसाहेब आले त्याच महिन्यात वॉचमनकाकांची बायको गेली. साहेब काकांचा हात धरून असे रडले की मलाही हुंदका आला. मग वळले, रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि मला विचारलं, "कॅन्टीनला आज वडा आहे ना?" डोळे कोरडे ठणठणीत. मला राग नाही आला, नवल वाटलं. रडू असं नळासारखं बंद करता येतं? तेव्हापासून मी त्यांच्याकडे बघतच असायचे.

बघून बघून माणूस ओळखता येतो असं वाटायचं मला. कसलं काय!

एक दिवस त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, फक्त तुम्हालाच सांगतोय. डिस्पॅचची तुमची मैत्रीण मालकांना म्हणाली, माल परत येतो तो लॅबमुळे. मी सांभाळून घेतलं. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

माझं डोकंच सणकलं. ही मैत्रीण म्हणजे बदलापूरला शिरगावात माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहणारी. कित्येक वर्षं आम्ही एका रिक्षात येतो, एकीच्या डब्यातली भाजी दुसरीच्या पोळीवर. जाऊन सरळ विचारायला हवं होतं. पण साहेबांचं नाव येऊ देणार नाही असा शब्द दिला होता ना! आमच्याकडे दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या माणसाने नेमकं तेच हेरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी वेगळी रिक्षा धरली. गंमत म्हणजे तिनेही हाक मारली नाही. एकीकडे ती जेवायची, दुसरीकडे मी, आणि साहेब दोघींची विचारपूस करून जायचे.

तिच्या नवऱ्याची नोकरी गेलेली, घर तिच्याच पगारावर. तरीही ती नोकरी सोडणार असल्याचं कानावर आलं. मी मात्र ताठच राहिले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा असते. झेंडूचे हार, नारळ, पेढे, आणि सगळ्यांनी सगळ्यांना सोनं द्यायचं. सोनं देताना अबोला चालत नाही. तिने माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

"घे. पुढच्या महिन्यापासून मी नसेन. सुखी राहा."

"मी काय केलं तुझं?"

"मालकांना तूच सांगितलंस ना, गोंधळ डिस्पॅचचा असतो म्हणून? साहेब मध्ये पडले म्हणून मी आजवर टिकले."

माझ्या तोंडून निघालं, "ग्लास पुढे सरकवला होता का गं?"

ती बघतच राहिली. "तुला कसं माहीत?"

मग मी मागचापुढचा विचार केला नाही. तिचं मनगट धरलं आणि साहेब पेढे वाटत होते तिथे नेलं. मालकही शेजारीच उभे होते. म्हटलं, "साहेब, हिच्याबद्दल मला जे सांगितलंत आणि माझ्याबद्दल हिला, ते आता सगळ्यांसमोर सांगा."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. हीच तर संधी. लाज नाही, घाम नाही. नजर फक्त एकेका माणसावरून फिरली, दुकानात शर्ट निवडावा तशी. मग ते मोठ्याने हसले.

"बघितलंत? बोलल्या शेवटी दोघी! यांची मैत्री किती पक्की आहे तेच बघत होतो. टीम अशी हवी."

लोक हसले. मालकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते, माझेही हात क्षणभर उचलले गेले. एवढा खटाटोप करून या माणसाला मिळत काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

संध्याकाळी आम्ही पुन्हा एका रिक्षात बसलो. मी विचारलं, "राजीनामा?"

"नाही देत," ती म्हणाली. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

पालेगावचा फाटा मागे पडला. ती हातातल्या आपट्याच्या पानाशी चाळा करत बसली होती. मग म्हणाली, "काही म्हण, पण साहेबांएवढं आपल्यासाठी कोण करतं गं?"

ती थट्टा करत नव्हती.