वाजवून झाल्यावर जेवतात कुठं?

किसनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. मामेबहीण प्रज्ञा बोलत होती. तिचा आवाज इतका शांत होता की आधी मला वाटलं, पुण्याला यायचं म्हणून गाडीची वेळ सांगायला फोन केलाय. "ताई, आप्पा गेले. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले होते... तसेच." मी डबा तसाच झाकला आणि येडगावची वाट धरली. मी पोहोचले तेव्हा मामांच्या अंगणात माणूस मावत नव्हता. वस्तीतले होते, गावातले होते आणि कालव्याच्या दोन्ही अंगांचे शेतकरीही होते. प्रज्ञाच्या पथकातली मुलं पुण्याहून आली होती. त्यातल्या एकाने हळूच तिला विचारलं, "आप्पांना निरोप द्यायला हलगी वाजवायची का आपण? आम्ही घेऊन आलोय." मुलगा चांगल्या मनाचा होता, त्याला ठाऊक नव्हतं. प्रज्ञाने मान हलवली. "नाही. मयताला नाही, असं आप्पांनी सांगितलेलं आहे." आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांनी ते ऐकलं. त्यांना ते सांगावं लागत नव्हतं. तुम्हाला मात्र सांगायला हवं, आणि त्यासाठी बरंच मागे जावं लागेल.

आमचं गाव निरगुडसर. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. सातवी झाली तेव्हा माझी शाळा तिथेच संपणार होती. मामा आले, भाकरी खाल्ली आणि उठताना म्हणाले, "सुजाताचं दप्तर कुठं हाय? आन इकडं." बस्स, एवढंच. मला सायकलवर पुढे बसवून त्यांनी येडगावला नेलं. पुढची सारी वर्षं त्यांच्याच घरी राहून मी शिकले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि ती पदवी मामांच्या पगारातून आलेली आहे. ते पाटकरी होते. म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते बघणारे. शेतकरी बांधावरून हाका मारायचे, "किसनभाऊ, या की राव, चहा घ्या!" मामा सायकल न थांबवता म्हणायचे, "चहा पाजून पाळी पुढं सरकत न्हाई, पाटील. परवा भेटू, पाण्यासंगं!" पाटीलही हसायचे. चेष्टामस्करी करणारा असा हा माणूस. घरात मात्र एका गोष्टीवर एकदम गप्प व्हायचा.

ती गोष्ट मला गेल्या गेल्याच कळली. एकदा मामी भाकऱ्या थापत होत्या आणि मी रिकामा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन वाजवत बसले होते. मामा आत आले. त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला, फळीवरच्या पिशवीतले चुरमुरे त्यात ओतले आणि झाकण लावून परत दिला. "डबा खायचं ठेवायला असतो," एवढंच म्हणाले. रागावले नव्हते. पण त्या संध्याकाळी ते माझ्याशी नेहमीसारखे बोललेही नाहीत. मग मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आजोबांच्या काळात गावातलं लग्न असो, जत्रा असो की मयत, पाटलाचा माणूस वस्तीवर हाक मारायला यायचा आणि आमच्या माणसांनी हलगी घेऊन निघायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. दिवसभर वाजवायचं, आणि सगळ्या पंगती उठल्या की मांडवाच्या बाहेर, जनावरं बांधतात तिकडे, उरलंसुरलं वाढून घ्यायचं. छप्पन सालानंतर वस्तीने धम्म स्वीकारला आणि ठरवलं की यापुढे हे काम नाही. आजोबांनी सगळ्यांच्या समोर हलगीचं कातडं विळ्याने फाडलं. गावाने वर्षभर त्यांना कुणाच्या शेतात काम दिलं नाही, खडी फोडायला लांब जावं लागलं, पण हलगी पुन्हा घरात आली नाही. मामा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. "अन् तुझ्या मामाचा हात लई गोड व्हता म्हणं," मामी म्हणाल्या, "माणसं थांबून ऐकायची." त्यानंतर माझं लक्ष मामांच्या बोटांकडे जायला लागलं. रेडिओ लागला की सायकलच्या सीटवर, गुडघ्यावर ती चालू व्हायची. कुणी बघतंय असं वाटलं की मामा हात खिशात घालायचे.

पुढे मी पुण्याला नोकरीला लागले आणि प्रज्ञा शिकायला माझ्याकडे राहायला आली. मामांनी माझ्यासाठी केलं त्यातलं थोडं तरी परत करायची ती संधी, असं मी मानलं. प्रज्ञा कॉलेजच्या पथनाट्यात गेली आणि तिथे तिच्या हाती हलगी पडली. मी एकदा बघायला गेले होते. डाव्या हातात बारीक काडी, उजव्यात जाड टिपरू, आणि चेहरा असा की जणू या मुलीला जन्मापासून हे येत होतं... मला भीतीच वाटली. तिला म्हटलं, मामांना कळलं तर? ती म्हणाली, "कळलं तर कशाला? मीच सांगणार. आणि ते नाही म्हणाले तर सोडणार. चोरून नाही वाजवायची मला." पुढच्या सुट्टीत तिने जेवताना सांगून टाकलं. मामांचा घास ताटातच राहिला.

"तुला शिकवलं ते हलगी बडवायला?"

"आप्पा, मला कुणी हाक मारून नेलं नाही. मी स्वतः मागून घेतलीय."

"माझ्या बापानं फाडली ती, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक आहे."

मामा हात धुऊन बाहेर गेले. हो नाही, नाही नाही. पथनाट्याची मोठी स्पर्धा तीन-चार महिन्यांवर आली होती आणि प्रज्ञाने हलगी मित्राकडे ठेवून दिली होती. आप्पा बोलेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. महिना गेला, दुसराही गेला. मामा फोनवर माझ्याशी बोलायचे, पावसापाण्याचं विचारायचे आणि प्रज्ञाला फोन देऊ का म्हटलं की म्हणायचे, "अभ्यास करत असंल, असू दे."

अशात मामा डोळे तपासायला माझ्याकडे आले. त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात कुठल्याशा कार्यक्रमाचे फुकट पास वाटले गेले. क्रीडासंकुलाच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये रविवारी दुपारी अमेरिकेतले हिप-हॉपचे डीजे येणार होते. सीडी नाही, कॉम्प्युटर नाही, खऱ्या तबकड्यांवर वाजवणारे. प्रज्ञा उडालीच. मी मामांना म्हटलं, तुम्ही घरी आराम करा. "एकटा भिंतीकडं बघत बसू काय? मी बी येतो," म्हणाले. पांढरा लेंगा, सदरा, टोपी घालून ते आमच्या मधोमध बसले. आजूबाजूला हजारो पोरंपोरी. मामा बराच वेळ बघत होते, मग माझ्या कानाशी लागले, "सुजा, ह्या पोरांच्या चड्ड्या घसराय लागल्यात. कुनाकडंच पट्टा न्हाई?" प्रज्ञाला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ती दोघं एकमेकांकडे बघून हसली.

मग आवाज सुरू झाला. मामांनी छातीवर हात ठेवला. "आत पाण्याचं इंजिन चालू झाल्यागत वाटतंय," ते ओरडून म्हणाले. स्टेजवर दोन काळे तरुण, समोर दोन-दोन तबकड्या, आणि मागे प्रचंड पडद्यावर फक्त त्यांचे हात. एकाने फिरती तबकडी बोटांनी धरली आणि खर्रकन मागे ओढली. मामा खुर्चीतून अर्धे उठले. "आरं आरं, रेघा पडतील की! आमच्या वेळचा स्पीकरवाला तर हात बी लावू द्यायचा न्हाई." प्रज्ञाने त्यांना बसवलं आणि सांगू लागली. दोन्हींवर एकच गाणं असतं आप्पा, एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच तुकडा लावायचा, तोवर पहिली मागे न्यायची, म्हणजे ठेका सुटत नाही. ही माणसं गरीब वस्तीतली, वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी तबकड्यांचंच वाद्य केलं. मामा पडद्याकडे बघत होते. एक हात ओढत होता, दुसरा छोटंसं बटण सरकवून तो आवाज कापत होता, आणि त्या दोन हातांमधून असा काही ठेका निघाला की सगळं स्टेडियम उभं राहिलं. मामा बसून होते. त्यांची बोटं गुडघ्यावर चालू झाली होती. या वेळी त्यांनी हात खिशात घातला नाही. मी प्रज्ञाकडे पाहिलं नाही, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. 

मध्यंतर झालं तसं मामांनी विचारलं, "ह्यांच्या बापजाद्यांनला बी कुनी हाक मारून न्यायचं का गं?"

"त्याहून वाईट, आप्पा. गुलाम होते ते. बाजारात विकायचे त्यांना."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आन वाजवून झाल्यावर हे जेवत्यात कुठं?"

प्रज्ञाला पटकन कळलं नाही. मला कळलं. "हॉटेलात जेवत असतील की," ती म्हणाली.

"असतील नको. बघू चल."

आम्ही स्टेडियमला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. तिथे एक रखवालदार उभा होता. "काका, इकडून एन्ट्री नाही."

"मला आत न्हाई जायचं, भाऊ. ते वाजवणारे कुठं जेवत्यात, तेवढं बघायचंय."

रखवालदार मामांकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "कुठलं गाव?"

"येडगाव, जुन्नर तालुका."

"आयला, मी मंचरचा! तरीच म्हटलं असलं कोण इचारतंय. पत्रकार हाय काय पावणं? जेवणात काय हाय ते छापायचंय?"

"छापायचं न्हाई रं. नुसतं बघायचंय."

तो हसला आणि कनातीची कड हाताने बाजूला धरली. आत लांब टेबल होतं. दिव्यांचं काम करणारी पोरं, सुटाबुटातले आयोजक, सगळे एकाच टेबलावर बसून जेवत होते. ते दोन डीजे मधोमध होते. शेजारचे सुटातले गृहस्थ बोलता बोलता हात पुढे करून त्यातल्या एकाच्या ताटातला पापड मोडून घेत होते, आणि तो पोरगा त्यांच्या हातावर खोटी चापट मारून हसत होता. एवढंच दृश्य. मामा मात्र तो पापड संपेपर्यंत बघत राहिले. रखवालदाराला म्हणाले, "लई उपकार झाले, भाऊ," आणि वळले. "चला, फुडचं सुरू व्हईल."

परत येताना रिक्षात ते आमच्या मध्ये बसले होते. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा कुणाकडेही न बघता म्हणाले, "बापानं फाडली ते बरोबरच केलं. त्याला बोलावनं यायचं, जावंच लागायचं. हिला कोन हाक मारत न्हाई... ही आपल्या पायानं जाती." मग बऱ्याच वेळाने, "फाडली तवा मी लई रडलो व्हतो. घरच्यांनला वाटलं, गावाच्या भ्यानं रडतोय. मी हलगीसाठी रडत व्हतो. कुनाला सांगितलं न्हाई कधी." प्रज्ञाने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. "कधी हाय तुझी ती स्पर्धा? मी येनार. पर मयताला वाजवायची न्हाई, कुनाच्याच. अन् वाजवल्यावर जेवायला बसायचं, ते सगळ्यांच्या पंगतीत, मधोमध."

मामा स्पर्धेला आले. पहिल्या रांगेत बसले. पथकाचा कितवा नंबर आला ते मला आज आठवत नाही, पण जेवणाच्या वेळी ते प्रज्ञाच्या शेजारी बसून, समोरच्या प्राध्यापकांना आग्रह करकरून भात वाढत होते ते आठवतं. घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं. पुढे प्रज्ञाने स्वतःचं पथक काढलं, मुलामुलींचं. सुट्टीत घरी आली की मामा तिला आजोबांचे ठेके शिकवायचे, पण सायकलच्या सीटवर बोटांनी वाजवून. हलगी हातात घेऊन त्यांनी कधीच वाजवली नाही. मी आग्रह केला तर म्हणाले, "माझा हात बापासंगं गेला, सुजा. हिचा हाय ना." एक काम मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. कातडं थंड असलं की हलगी बोलत नाही, ती आधी जाळावर तापवावी लागते. प्रज्ञा येडगावहून कार्यक्रमाला निघाली की मामा अंगणात उसाच्या पाचटाचा छोटा जाळ करायचे. हलगी त्यावर उभी-आडवी फिरवायचे, अधूनमधून एका बोटाने टिचकी मारून ऐकायचे, आणि मनासारखा आवाज आला की पोरीच्या हाती द्यायचे. गाडी सुटायची वेळ झाली तरी घाई करायचे नाहीत. आम्ही ओरडायचो. ते म्हणायचे, "गाडी दुसरी मिळंल."

गेल्या रविवारी मी येडगावला गेले होते. मामांच्या स्मृतीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता, पाहुणे पांगले होते. प्रज्ञाचा ओतूरला कार्यक्रम होता, मामा असतानाच ठरलेला. जावं की नाही, असं तिने दोन दिवस मामींना विचारलं होतं आणि मामींनी दोन दिवस उत्तर दिलं नव्हतं. दुपारी मामी स्वतःच उठल्या, गोठ्यामागून पाचटाची मूठ घेऊन आल्या आणि अंगणात काळा डाग पडलाय त्या जागी ठेवली. प्रज्ञाने काडी ओढली. हलगी जाळावर धरली, फिरवली, टिचकी मारली. तिला ठीक वाटली, ती उठायला लागली.

"बस खाली," मामी म्हणाल्या. "अजून न्हाई तापली."

"आई, तुला काय कळतं गं त्यातलं?"

"सहा वरसं चुलीपाशी बसून ऐकतीय मी. ते असते तर अजून धरली असती."

प्रज्ञा खाली बसली. पाचट संपलं तेव्हा मामींनी आणखी एक मूठ टाकली. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, पण आमच्यातलं कुणी हललं नाही. प्रज्ञाने हलगी कानाजवळ नेली, एका बोटाने टिचकी मारली आणि आईकडे पाहिलं. मामींनी डोळे मिटून ऐकलं.

"हां," त्या म्हणाल्या, "आता जा."