शेवटच्या बाकावरची दस्ती

परभणीच्या आमच्या शाळेत नाटकाची तालीम संपेपर्यंत शिपाईमामांना घरी जाता यायचं नाही. सभागृहाला कुलूप लावायचं काम त्यांचं होतं आणि किल्ली ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. त्यामुळे आमचं नाटक लवकर संपावं असं मनापासून वाटणारे पहिले प्रेक्षक तेच. चित्रकलेचे सर आमचं नाटक बसवायचे. मामा नुसते जांभया देत बसतात हे पाहून सरांनी त्यांना एक काम लावून दिलं. शेवटच्या बाकावर बसायचं आणि पोरांचं बोलणं ऐकू आलं नाही की दस्ती वर करायची.

दस्ती म्हणजे आमच्याकडे रुमाल. मामांची दस्ती लाल होती, कडेला पांढरी पट्टी, आणि एका कोपऱ्यात तंबाखूच्या चुन्याचा कायमचा डाग. ती वर झाली की सर टाळी वाजवायचे आणि बोलणाऱ्यानं तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. मामांचं घराणं मेंढरं राखणारं. रानात तीन शेतं पलीकडे मेंढी खोकली तर कोणती खोकली हे ते सांगायचे, असं शाळेत सगळेच म्हणायचे. अशा कानांना ज्याचं बोलणं पोचत नव्हतं त्यानं सरळ घरी जावं, असं सरांचं मत होतं.

मला ती दस्ती अजिबात आवडायची नाही. मी चुडाव्याचा. रोज पॅसेंजरनं शाळेत यायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचो. फलाटाच्या टोकाला उभं राहून संवाद पाठ करायचो, तेव्हा शेळ्या घेऊन निघालेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना हसू दे म्हणून मी आणखी जोरात म्हणायचो. असा फलाटावर कमावलेला आवाज होता माझा, आणि त्याचा मला भयंकर माज होता. माझ्या वेळेला दस्ती वर झाली नाही की मी मुद्दाम मामांकडे बघायचो. ते सुपारी कातरत असायचे.

शाळा संपली, कॉलेज झालं, तरी सरांच्या नाटकांतून मी सुटलो नाही. त्यांनी गावातली मंडळी जमवून संच उभा केला होता आणि तालमी त्याच सभागृहात चालायच्या. बाप, जमीनदार, फौजदार अशी ज्यांना ओरडावं लागतं ती सगळी कामं माझ्याकडे. स्पर्धांमधून थोडंफार नावही झालं. मग एक दिवस पिशवी उचलून मी पुण्याला गेलो. दोन वर्षं राहिलो. तिथले दिग्दर्शक मला एकच सांगायचे, कमी करा, अजून कमी करा. इतकं कमी करत गेलो की शेवटी मला पत्र आणून देणाऱ्या माणसाची भूमिका मिळाली, तीही पत्र ठेवून मुकाट्यानं निघून जाणाऱ्याची. परत आलो तेव्हा गावात सांगितलं की मला लेखनाकडे वळायचंय. लोकांना ते खरं वाटलं. काही दिवसांनी मलाही वाटायला लागलं.

पहिली एकांकिका लिहिली ती माणसाच्या एकटेपणावर. वय चोवीस, एकटेपणाचा अनुभव पुण्याच्या खोलीपुरता, पण लिहिताना हात आखडला नाही. त्यात दीड पानाचं स्वगत होतं आणि ते अर्थात मीच म्हणणार होतो. पहिल्याच तालमीत सूर लागला. सभागृहाच्या पत्र्याला नाद येत होता. चौथ्या वाक्याला दस्ती वर.

मी थांबलो. सरांनी टाळी वाजवली. मी पुन्हा म्हणालो, आणखी वरच्या पट्टीत. पुन्हा दस्ती.

“मामा, ऐकू येत नाही का तुम्हाला?” मी चिडून विचारलं.

“यायलंय की. येशीपतुर जायलाय तुझा आवाज,” मामा म्हणाले. “पर तू कुणाला बोलायलास? हितं तर कुणीच न्हाई.”

सगळा संच खदखदून हसला. मी सरांकडे पाहिलं, त्यांनी मामांना दोन शब्द सुनवावेत म्हणून. सर म्हणाले, “बरोबर विचारतायत ते. उत्तर दे आणि मग पुढचं वाक्य म्हण.” गाडीची वेळ झालीय असं खोटंच सांगून मी तिथून उठलो. त्या रागात आठ दिवस तालमीला गेलो नाही, आणि माझ्यावाचून काही अडलंही नाही.

त्या आठ दिवसांत मी चुडाव्याच्या स्टेशनावर नुसता बसून राहायचो. करायला दुसरं काही नव्हतं. एका बाकावर दोघी जावा गाडीची वाट बघत बसल्या होत्या. एक बोलायची, दुसरी गप्प. मग दुसरी बोलायची तर पहिली पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधायची. गाडी आली तेव्हा त्या वेगवेगळ्या डब्यांत चढल्या. तिकिटाच्या खिडकीजवळ पडलेल्या जाहिरातीच्या मागच्या बाजूला मी ते उतरवून घेतलं, आणि ती माझी पहिली खरी एकांकिका. त्यात मला काम नव्हतं. सरांनी ती मलाच बसवायला लावली. तालमीत मामा शेवटपर्यंत दस्ती मांडीवर ठेवून बसले, आणि संपल्यावर कुलूप लावता लावता म्हणाले, “त्या धाकलीचं चुकलं बग.” इतकं मोठं बक्षीस मला नंतर कधी मिळालं नाही. तेव्हापासून मी नट राहिलो नाही, आणि खरं सांगतो, त्याचं वाईट वाटलं नाही.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना नारळ दिला, शाल दिली, मुख्याध्यापकांनी भाषण केलं. संध्याकाळी तालमीला गेलो तर किल्लीच्या खिळ्याला दस्ती लटकत होती. विसरले असतील म्हणून द्यायला त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. दस्तीकडे पाहिलं आणि म्हणाले, “ती माझी व्हय? ती तर तिथली हाय.” मग चहा झाला. मी दस्ती घेऊन परत आलो आणि शेवटच्या बाकावर स्वतः बसलो. तिथून परवापरवापर्यंत उठलो नाही. मामा गेले, सरही गेले. शनिवार-रविवारी त्याच सभागृहात मी नाटकाचा वर्ग घेऊ लागलो, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्याकडून शिकून गेलेले लोक कुठे कुठे आहेत. फोन करतात आणि पहिलं हेच विचारतात, दस्ती आहे का अजून?

आता अवघड भाग सांगतो. चारेक वर्षांपासून मला कमी ऐकू यायला लागलं. प्रथम बायकोच्या लक्षात आलं. टीव्हीचा आवाज शेजारच्या गल्लीत जातो म्हणाली. मी म्हणालो, हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. ती मला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली, तपासण्या झाल्या, कानात घालायचं यंत्र आलं. ते मी कपाटात ठेवून दिलं. यंत्र घालून वर्गात गेलो असतो तर त्याच दिवशी शेवटचं बाक सोडावं लागलं असतं. ज्याला ऐकू येत नाही त्यानं तिथं बसून काय करायचं? आणि ते बाक गेलं तर माझ्याकडे दुसरं काय होतं? म्हणून गप्प राहिलो. ओठ बघायचो, अंदाज बांधायचो. मी लबाडी करत होतो, साध्या भाषेत एवढंच.

गेल्या वर्षी पालमहून एक मुलगी वर्गात आली. कॉलेजात शिकणारी, एसटीनं यायची. आईबाप ऊसतोडीला गेले की ती आत्याकडे राहायची. हडकुळी, कपाळावर बटा, आणि बोलली तर बोलली नाहीतर नाही. पण रंगमंचावर उभी राहिली की तिच्याकडेच बघावंसं वाटायचं. तिच्यासाठी मी एकांकिका लिहिली. ऊसतोडीवरच्या आईला मुलगी फोन करते, एवढाच प्रसंग. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या आजारी आत्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू बोलते. ‘हळू’ हा शब्द मीच कंसात लिहिला होता, दोनदा अधोरेखित करून.

आणि तालमीत तिनं हळू सुरुवात केली की मी दस्ती वर करायचो.

ती पुन्हा म्हणायची, जरा मोठ्यानं. मी पुन्हा दस्ती. असं करत करत ती अशा आवाजाला आली की मला शब्द न् शब्द कळायला लागला. आत्या काय, अख्खी गल्ली जागी झाली असती. आतून कुठेतरी मलाही कळत होतं की यात काहीतरी हरवलंय. पण ऐकू येतंय याचाच मला इतका आनंद व्हायचा की मी मान डोलवायचो. एकदा तिचा घसा बसला, तर मीच तिला खडीसाखर आणून दिली आणि आवाज कसा लावावा यावर व्याख्यान दिलं. माझा मलाच राग येतो आज.

प्रयोग सेलूला होता, दुपारचा. कापूस बाजारातल्या व्यापारी मंडळींनी ठेवलेला कार्यक्रम. हॉल भरलेला, पोरंबाळं, शेंगांची टरफलं, दारातून येणारं ऊन. मी सवयीप्रमाणे शेवटच्या रांगेत, दस्ती खिशात. मुलगी आली, भिंतीला टेकून बसली, फोन कानाला लावला. ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही.

वाट पाहिली. ओठ हलतच होते, आणि माझ्यापर्यंत एक अक्षर येत नव्हतं. घाबरली पोरगी, आवाज गेला, महिन्याभराची मेहनत मातीत, असं सगळं एकदम डोक्यात आलं. मी दस्ती काढली. छातीपर्यंत वर नेली. तिनं ती पाहिली, हे मला इतक्या लांबूनही कळलं, कारण क्षणभर तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. मग ती पुन्हा फोनशी बोलायला लागली. तशीच.

तेव्हा माझं लक्ष पुढच्या रांगेतल्या बाईकडे गेलं. मघापासून ती शेंगा फोडून पोराला भरवत होती. आता शेंग तिच्या बोटांत तशीच होती, आणि पोर तोंड उघडं टाकून रंगमंचाकडे बघत होतं. तिच्या शेजारच्या माणसानं फोन मांडीवर पालथा ठेवला. त्या बाईनं शेंग खाली टाकली, पिशवीतून स्वतःचा फोन काढला आणि हातात नुसता धरून ठेवला. लावला नाही कुणाला. मी सगळ्या हॉलकडे पाहिलं. एक मान हलत नव्हती. मी दस्ती खाली घेतली आणि मांडीखाली दाबून तिच्यावर बसलो.

प्रयोगानंतर ती मागच्या दाराशी चहा घेत उभी होती. मी जवळ गेलो, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून मूर्खासारखा रागावलोच. “दस्ती दिसली नाही का तुला?”

“दिसली की सर.”

“मग आवाज का नाही वाढवला?”

ती कपाकडे बघत राहिली. मग माझ्या अगदी जवळ आली, आणि मला नीट ऐकू यावं अशा बेतानं, एकेक शब्द सुटा करून बोलली. “तालमीत वाढवत हुते ना सर, तुमच्यासाठी. आज लोकं बसले हुते.”

मी हातातल्या दस्तीची घडी घातली.

“समद्यांना म्हाईत हाय सर, दिवाळीपासून. म्हणून तर समदेच तालमीत वरडतात. तुमाला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोललं न्हाई.” मग घाईघाईनं म्हणाली, “तुमी रागावलात का?”

रागावलो नाही, असं मी म्हणालो. खरं तर मला रडू येत होतं, आणि ते लपवायला मी तिच्याच कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. परतीच्या गाडीत पोरं गाणी म्हणत होती. मी खिडकीशी बसून विचार करत होतो की दिवाळीपासून माझा सगळा वर्ग माझ्यासाठी नाटक करत होता आणि शेवटच्या बाकावर बसून मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या शनिवारी मी कपाटातून यंत्र काढलं, कानात घातलं आणि वर्गात गेलो. दस्ती शेवटच्या बाकावर ठेवली. तिथं कुणी बसायचं ते तुम्ही ठरवा, असं सांगून मी पुढे आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या बाकावर बसलो. यंत्रात पंख्याची घरघर येत होती, बाहेरची चिमणी येत होती, माझं स्वतःचं खाकरणंसुद्धा परक्या माणसाचं वाटत होतं. पोरं एकमेकांकडे बघत होती. मुलगी भिंतीला टेकून बसली, फोन कानाला लावला आणि सवयीनं, माझ्यासाठी, मोठ्यानं म्हणाली, “आई, मी बरी हाय.”

मी हात वर केला.

“हळू बोल,” म्हणालो. “यायलंय ऐकू.”