एमिटरखालची तार

माझे बाबा रेवस ते भाऊचा धक्का करणाऱ्या लाँचच्या इंजिनाशेजारी जन्मभर बसले. त्या इंजिनाने त्यांचे कान इतके साफ खाल्ले, की शेजारी तोफ उडवली असती तरी त्यांनी "दार कुणी लोटलं?" असंच विचारलं असतं. आणि आईचा आवाज असा, की तिने आमच्या ओट्यावरून हाक मारली की मांडव्याला उतरलेले पर्यटक "आलो, आलो" म्हणत परत बोटीत चढायचे. हे मी थोडं वाढवून सांगतोय. थोडंच. एक बहिरा आणि एक भोंगा, संसार अगदी मापात बसला होता.

मग आईला अर्धांगाचा झटका आला आणि तो आवाज गेला. ओठांशी कान नेला तर सुक्या वाळूवरून खेकडा चालल्यासारखी खसखस तेवढी ऐकू यायची. बाबांचं कानाचं मशीन आधीच विहिरीत गेलं होतं, पाणी काढताना वाकले तेव्हा. नवीन यायला पंधरा दिवस होते आणि डॉक्टरांनी आईचे त्याहून कमी सांगितले होते. बाबा खाटेशी बसून झटक्याने वाकड्या झालेल्या तिच्या ओठांकडे बघत राहायचे, आणि ती काही पुटपुटली की "व्हय, व्हय" म्हणायचे. एकदा तिने पाणी मागितलं होतं. हे "व्हय, व्हय" म्हणून बसून राहिले.

त्या दिवशी ते माझ्यावर गरजले. बहिऱ्याला हळू रागावता येत नाही.

"गावोगावच्या भजनी मंडळांचे अँप्ली दुरुस्त करतोस, आनि मला तिचा एक शब्द ऐकवता येत न्हाय तुला?"

मी बिस्किटाच्या डब्यात एक छोटा अँप्ली बसवला. माईक आईच्या उशीवर, इअरफोन बाबांच्या कानात. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. त्यातल्या एमिटर नावाच्या पायाखाली एक रेझिस्टर घालायची रीत आहे. तो दिसायला तांदळाच्या दाण्याएवढा, पण काम सासूचं. ट्रान्झिस्टर तापला की जास्त करंट ओढू लागतो. तो करंट ह्या रेझिस्टरमधून जाताना एमिटरचं व्होल्टेज वर चढतं, बेस नावाच्या दुसऱ्या पायाला मिळणारी फूस आपोआप कमी होते आणि गडी जागेवर येतो. ह्यालाच बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरची बैठक, टिकवणं म्हणतात. बाबांना मी हे कागदावर चित्र काढून दाखवलं, तर म्हणाले, "म्हंजे इंजिनाचा गव्हर्नर." अगदी बरोबर, तोही इंजिनाला बेफाम पळू देत नाही. फक्त हा गव्हर्नर आवाजालाही आवरतो.

पहिल्यांदा इअरफोन घातला तेव्हा बाबांचा चेहरा उजळला आणि लगेच आक्रसला.

"हाय," ते म्हणाले. "पन लांब हाय. खांदेरी बेटाच्या पल्याड उभी राहून बोलतेय. जवळ आन तिला."

खरा उपाय मला ठाऊक होता. त्या रेझिस्टरला समांतर एक कपॅसिटर लावायचा. मग आवाज रेझिस्टरला वळसा घालून कपॅसिटरमधून मोकळा निघतो आणि बायस जागेवर राहतो. पण आमच्या खारट हवेत माझ्या खणातल्या कपॅसिटरांचे पाय हिरवे पडून गळून गेले होते. अलिबागला जाऊन यायला अर्धा दिवस. उद्या जाऊ म्हटलं.

आणि आमच्या धंद्यात एक खोड आहे, तिला आम्ही 'आरतीपुरतं' म्हणतो. मंडळाचा अध्यक्ष ऐन वेळी "आवाज वाढवा" म्हणून बोंबलतो, तेव्हा एमिटरच्या रेझिस्टरवरून सरळ तार टाकून तो बाद करायचा, प्रीसेटचा छोटा स्क्रू फिरवून बायस हाताने जुळवायचा, आणि वर टेबलफॅन लावायचा. आरती होईपर्यंत अँप्ली असा गर्जतो, की पलीकडच्या मंडळाचे लोक नारळ घेऊन शरण येतात. आरती संपली की तार काढायची. अशा शंभर आरत्या मी काढल्या होत्या. घरीही तेच केलं. गव्हर्नर काढलाय, हे बाबांना सांगितलं नाही. त्यांनी इंजिनाचा कधी काढू दिला नसता.

सकाळी तार टाकली. आईचे ओठ हलले आणि बाबा खाटेवरून जवळजवळ उडाले.

"दाढी करा म्हनतेय!" ते ओरडले. "अगं, करतो की!"

त्यांनी तिथेच, तिच्यासमोर बसून दाढी केली आणि हनुवटी कापून घेतली. ती आणखी काही म्हणाली, त्यावर ते हसले. काय, ते मला सांगितलं नाही. त्या सकाळी आमच्या घरात मी दोन महिन्यांनी हसणं ऐकलं.

दुपारी ऊन खिडकीवर आलं. डबा खिडकीतच होता. मी कोपऱ्यात दुसऱ्या कुणाच्या अँप्लीला सोल्डरचा डाग देत होतो. आईने डोळे उघडले, बाबांकडे मान वळवली आणि बोलली. चारपाच शब्द असतील. बाबांनी इअरफोन कानात खुपसला, मग डब्यावर थाप मारली.

"फाटतोय आवाज. गेला! अरे, गेला आवाज!"

मी धावलो. ट्रान्झिस्टर जळला नव्हता, नुसता गव्हर्नरवाचून उन्हात तापून गच्च बसला होता. डबा सावलीत नेला, पुठ्ठ्याने वारा घातला. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, आणि इअरफोनमध्ये तिचा श्वास स्वच्छ ऐकू येऊ लागला. नुसता श्वासच. ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मधे काही बोलली नाही.

तेराव्यापर्यंत बाबा रोज विचारायचे, "काय बोलली रे ती?" आणि मी रोज काहीतरी सांगायचो. एक दिवस, वाडीतल्या सुपाऱ्या उतरवा म्हणाली. एक दिवस, औषधं वेळेवर घ्या. एकदा तर मी तिच्या तोंडी पुढच्या जन्माचं घातलं. ओठांशी कान नेल्याशिवाय जे कुणालाच ऐकू येत नव्हतं, ते मी खोलीच्या कोपऱ्यातून ऐकल्याचं सांगत होतो. बाबा माझ्या तोंडाकडे बघून शब्द समजून घ्यायचे, मान हलवायचे आणि उठून जायचे.

तेराव्याला पंगत उठल्यावर ते माझ्याजवळ बसले.

"रोज बदलू नको," म्हणाले. "एक कायतरी ठेव."

मी सगळ्यात साधं निवडलं. मोठ्याने, तोंड पूर्ण उघडून म्हणालो, "अवो, जेवलात का? एवढंच विचारलं तिनं."

त्यांनी हनुवटीवरचा कापल्याचा व्रण चाचपला.

"आनि मी काय बोललो?"

"तुम्ही काही नाही बोललात, बाबा. डबा बंद पडला होता ना."

"ते तिला कुठं म्हाईत होतं?"

बोलून झाल्यावर ती त्यांच्याकडे बघत राहिली होती, बराच वेळ. ते मी कोपऱ्यातून पाहिलं होतं. तेवढं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.