दुसऱ्या रांगेतली शेजारीण

“काय नाय होत गो,” असं म्हणून ती माझ्या हातातली ज्येष्ठमधाची काडी काढून घ्यायची. गाण्याचा सराव सुरू व्हायच्या आधी, रोज. वर म्हणायची, “एवढी काडी तर आमची बकरीपन चघळत नाय.”

मी जात्याच भित्री. घसा बसेल, सूर लागणार नाही, सगळ्यांत माझाच आवाज वेगळा ऐकू येईल, ही कायमची धास्ती. गाणं तोंडपाठ असूनही मी त्याचा कागद ओढणीत लपवून उभी राहायचे. तुम्हीही कॉलेजात अशी एखादी मुलगी पाहिली असेल, जिच्या शेजारी नुसतं उभं राहिलं तरी धीर येतो. माझ्यासाठी ती तशी होती.

ती ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, सायन्सला. मी डोंबिवलीची, कॉमर्सला. कॉलेजच्या समूहगानात सरांनी उंचीप्रमाणे उभं केलं म्हणून आम्ही दुसऱ्या रांगेत शेजारी आलो, एरवी आमची ओळख व्हायचं काही कारणच नव्हतं. मधल्या सुट्टीत ती सुकटीचा डबा उघडायची आणि सर मुकाट्याने हार्मोनियम खिडकीशी सरकवायचे. “सर, तिकडनं सूर नीट लागतो का?” ती साळसूदपणे विचारायची. सरही हसायचे.

एकदा मी तिला विचारलं, “तुला कधीच भीती वाटत नाही का गं?”

“वाटते ना. बाबा खाडीत गेले की होडी परत दिसेपर्यंत वाटते. गान्याची कसली भीती?”

आमच्या गाण्याच्या शेवटी एक लांबलचक सूर होता. तो तुटू नये म्हणून शेजारच्या दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. एक घेते तेव्हा दुसरी सूर धरून ठेवते. आमचं ठरलेलं होतं, आधी ती, मग मी. दोन महिन्यांत एकदाही चुकलं नाही.

स्पर्धेची पहिली फेरी डोंबिवलीतच होती. माझे आईबाबा प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसलेले. शेवटचा सूर आला आणि मला वाटलं, आपला दम पुरणार नाही. तो पुरत होता, पण मी घाबरले आणि तिच्या पाळीत श्वास घेतला. दोघी एकदम गप्प झालो. क्षणभरच, पण सुराला भोक पडलं. मला ते अजून ऐकू येतं.

तरीही आम्ही अंतिम फेरीत गेलो. रंगमंचामागे एकच गलका, फोटो काढणं चाललेलं. कॉलेज संपल्यावरही दर महिन्याला भेटायचंच, असं सगळ्याजणी एकमेकींना बजावत होत्या. तेवढ्यात सर आले.

“शेवटी सूर तुटला. दुसऱ्या रांगेत. कोणाकडून झालं?” त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “मी रागावत नाही. पण अंतिम फेरीत धोका पत्करता येणार नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागेल.”

मी ओढणीतला कागद आणखी आत दडपला. पडद्यापलीकडे आई कोणाला तरी सांगत होती, “आमची दुसऱ्या रांगेत होती.”

“मी, सर,” माझ्या शेजारून ती म्हणाली.

नंतर जिन्यात मी तिला गाठलं. “असं का केलंस?”

“तू घरी जाऊन आठवडाभर रडली असतीस गो,” ती म्हणाली आणि रिक्षा पकडायला उतरली. तिचेही डोळे भरलेले मला दिसले होते.

उद्या सरांना सांगू, असं मी ठरवलं. मग परवा सांगू असं ठरवलं. अंतिम फेरीत माझ्या शेजारी दुसरीच मुलगी उभी होती आणि आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर ती सायन्सच्या जिन्यावर दिसेल म्हणून मी लांबचा जिना धरू लागले. वर्ष संपलं, कॉलेजही संपलं. दर महिन्याला भेटणाऱ्या आम्ही एकदाही भेटलो नाही.

माफी मागायला मी किती वेळा फोन हातात घेतला याची गणती नाही. ती काय बोलेल या विचाराने दर वेळी तो खाली ठेवला.

गेल्या नवरात्रात दुपारी ठाण्यात टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाच्या रांगेत उभी होते. चार माणसं सोडून पुढे ती, कडेवर लहान मुलगी. मी तिला नावाने हाक मारली. तिने वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं, मग ओळखीचं हसली.

“अगो तू! आपन एका वर्गात होतो ना?”

तिला सगळं आठवत असेल, या भीतीत मी सात वर्षं काढली होती. सांगायला अजूनही वेळ होता, रांग लांब होती.

“हो,” मी म्हणाले. “एकाच वर्गात.”

मुलगी रडायला लागली तशी पुढच्यांनी तिला वाट करून दिली आणि ती आत गेली.