फोटोपुरतं पुस्तक

“उघडायचं नाही. नुसतं छातीशी धरायचं. चित्र पुढे.”

मॅडम हे तीन-चार वर्षांच्या पोरांना सांगत होत्या. पोरं अंगणवाडीच्या भिंतीला टेकून ओळीत उभी. सगळ्यांच्या हातांवर आधी सॅनिटायझर मारलेलं. सगळ्यांच्या हातात जाड पुठ्ठ्याचं, चकचकीत चित्रांचं पुस्तक. पुस्तकावर प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी.

ते प्लास्टिक मीच चढवलं होतं. मॅडम म्हणाल्या, चढव. मी चढवलं. मला वाटलं, पोरांकडे पुस्तकं टिकावीत म्हणून असेल. शाळा सुरू झाली की आम्ही नव्या पुस्तकांना कव्हरं घालायचो, तसं. मी मन लावून घातली. एक सुरकुती ठेवली नाही.

माणिकपूरला मॅडमची नर्सरी. मी तेव्हा तिथे टीचर. माझं मुख्य काम गोष्टी वाचून दाखवणं. उडणाऱ्या होड्या, बोलणारी भांडी, दाढीत घरटं बांधू देणारा राक्षस. आजूबाजूच्या टॉवरमधली मुलं माझ्या मांडीवर चढून ऐकायची. पालक मॅडमना सांगायचे, टीचर काय छान वाचते. मॅडम मला नवीन पालकांसमोर उभं करायच्या.

पुस्तकं वाटायला आलो होतो ते मिठागराच्या कडेचं गाव माझं. ती अंगणवाडी माझी. माझी आई तिथे मदतनीस आहे, पोरांची खिचडी शिजवते. त्या अंगणवाडीत मी होते तेव्हा अक्षरांचा एक तक्ता होता, बाकी काही नाही. म्हणून मॅडम म्हणाल्या, “तुमच्या गावच्या मुलांना पुस्तकं वाटू,” तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं घरोघरी सांगितलं. बायांनी पोरांना आंघोळ घालून, तेल लावून पाठवलं.

फोटो चालले होते. तेवढ्यात सानिकानं नखानं चिकटपट्टी उचकटली. सानिका शेजारच्या वहिनीची पोरगी. पुस्तक उघडलं तिनं.

“ताई, ये बघ. माशाच्या पोटात दुकान हाय. म्हातारी ढग इकते.”

शेजारची पोरं ओळ मोडून तिच्यावर वाकली. एकानं विचारलं, “ढग कसा दिला?” सानिका म्हणाली, “नाय देत. पाऊस पडून गेलाय त्यातला.”

दुकान आणि म्हातारी चित्रात होती, पण पावसाचं हे पुस्तकात नव्हतं. मी ते पुस्तक नर्सरीत शंभरदा वाचलंय. हे तिनं तिथल्या तिथे केलं.

मॅडमनी पुस्तक ओढलं. सानिकाचा हात मनगटाला धरून उलटा केला आणि मला दाखवला. तेलकट हात. तिच्याशी बोलल्या नाहीत, माझ्याशी बोलल्या.

“बघ. म्हणून सांगत होते. आता हे नर्सरीत डिस्प्लेला कसं ठेवायचं?”

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “फोटो झाले. तू हळूच काढून घे सगळ्यांकडून. तुझं ऐकतील. गाडीत गोणी आहे, त्यातली दे.”

मला कळलंच नाही. “काढून घ्यायची?”

“अगं, ही इंपोर्टेड आहेत. कल्पनाशक्ती वगैरे आपल्या मुलांना लागते. ह्यांची अक्षरओळख झाली तरी पुष्कळ.”

‘आपल्या’मध्ये त्यांनी मला धरलं होतं. मला किळस आली. त्यांची आली, आणि ज्या हातांनी ती कव्हरं घातली त्या माझ्या हातांचीही.

ड्रायव्हरनं गोणी आणून ठेवली. मी उघडली. टॉवरमधली टाकून दिलेली पुस्तकं. कोपरे चावून भुसभुशीत झालेले. पानांवर बिस्किटाचा लगदा वाळून चिकटलेला. अर्ध्या पुस्तकांना शेवटची पानंच नाहीत.

माझी आजी मिठागराच्या मालकाकडे भांडी घासायची. त्यांच्या ताटातलं उरलेलं पदराखाली झाकून आणायची. बाबा ते खाऊन वाढले. मोठेपणी भात कमी पडला तरी चालेल, पण कुणाचं उष्टं त्यांनी घरात येऊ दिलं नाही. मला शिकवलं ते त्याच हट्टानं. आणि मी बी. ए. होऊन उभी कुठे होते, तर लोकांच्या पोरांनी चघळलेलं माझ्या गावच्या पोरांच्या हातात ठेवायला.

“मी नाही घेणार काढून,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“दिलेलं परत नाही घेणार.”

मॅडम हसल्या. “अगं, दिलेलं कुठे? धरायला दिलं होतं.”

मी हात मागे बांधून उभी राहिले. मग ड्रायव्हरनं पुस्तकं काढून घेतली. तो कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हता. सानिका सोडेना. तिची बोटं मॅडमनी स्वतः एकेक करून सोडवली आणि मग रुमालाला हात पुसले.

मी गोणी उचलली. गाडीच्या डिकीत नेऊन टाकली. “ही पण न्या.”

“एवढा माज? बी. ए. झालीस म्हणून?”

“हो. बी. ए. झाले म्हणूनच.”

गाडी गेली. पोरं रडत होती. त्यांच्या हातात नवंही नव्हतं आणि जुनंही नव्हतं. खिचडीला कुणी हात लावेना.

आई मग एकदा म्हणाली, “तुला मान ठेवायचा व्हता तर तुझा ठेवायचा. पोरांचं कशाला घालवलंस? फाटकं तर फाटकं, चित्रं तर व्हती.”

पोरांची चित्रं मी घालवली, हे खरं आहे.

फोटो नर्सरीच्या ग्रुपवर आला. ओळीत पोरं, छातीशी बंद पुस्तकं. खाली हात जोडलेले, हृदयं, “किती गोड”. मॅडम सगळ्यांना सांगतात, टीचरनं नोकरी सोडली. मी सोडली नाही. मला काढलं. हे लिहून ठेवते, कारण त्यांचं खोटं हसतमुख असतं, लगेच पटतं.

आता मी वसईत एका दुकानात बिलं करते. सानिका मला रस्त्यात विचारते, “ताई, त्या म्हातारीचं पुढं काय झालं?” मी तिला सांगत नाही. सांगितलं तर ती समाधान मानेल, आणि मला तिचं समाधान नकोय. तिनं ते पुस्तक स्वतःच्या हातानं, तेलकट असले तरी त्याच हातानं, शेवटच्या पानापर्यंत बघायचंय. ते कोरंच आणीन. पगारातून आणीन, पंचायतीत भांडून आणीन. तोवर आमच्या पोरांच्या हातात दुसऱ्याचं चावलेलं कुणी ठेवायला आलं, तर त्याला अंगणवाडीच्या पायरीवरून मी परत पाठवणार. माझ्या आईसमोर. पोरं रडली तरी.