परत पाठवलेलं दूध

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, ते उन्हाळा तोंडावर आला की परतायचे. बाकीच्यांची लेकरं सोबत जायची. मला बापानं नेलं नाही. "ह्याला शिकवायचं हाय," एवढंच तो म्हणाला आणि शेजारच्या काकूच्या ओट्यावर मला, माझं दप्तर आणि ज्वारीचं अर्धं पोतं ठेवून गाडीत जाऊन बसला. काकू आमच्या नात्यातली नव्हती, जातीतलीही नव्हती. ती लिंगायत, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दावणीला एक म्हैस. सहा हिवाळे मी तिच्या घरी काढले. ज्वारी संक्रांतीच्या आतच संपायची. त्यानंतर मी काय खात होतो, हे बापानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

पुढं मी बीएस्सी झालो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी, आणि हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. नोकरी मात्र लागली नाही. गावातली जुनी दूध सोसायटी पुढाऱ्यांच्या भांडणात बंद पडली होती. तिच्याच समोर एक पत्र्याची खोली भाड्यानं घेऊन मी दूध संकलन केंद्र टाकलं. माप धरायचं, दूध तपासायचं, कॅन धुवायचे, टेम्पोत चढवायचे, सगळं एकट्यानं. टेम्पो ते दूध तालुक्याच्या सहकारी संघाच्या शीतकरण केंद्रावर न्यायचा.

दुसऱ्याच वर्षी पावसानं दगा दिला. थंडी सरायच्या आत टँकर सुरू झाले. गावाची बहुतेक जनावरं कोसभर लांब चारा छावणीत गेली. दूध तिथून सायकलवर, ओलं पोतं गुंडाळलेल्या किटल्यांतून यायचं. काकूनं म्हैस घरीच ठेवली. एकटी बाई छावणीत कुठं राहणार? तिचं घर केंद्रापासून चाळीस पावलांवर. सकाळी धार काढली की पदराखाली चरवी धरून ती तडक माझ्याकडं यायची. नेहमी पहिला नंबर तिचा.

अशात संघाकडून लागोपाठ दोनदा कॅन परत आला. वर चिठ्ठी, दुधात पाणी आहे. तिसऱ्यांदा आला तर केंद्र बंद, असा निरोप टेम्पोवाल्यानं आणला. मी हबकलो. दुसऱ्या दिवशी रांगेसमोर उभं राहून सांगितलं, "उद्यापासून परत्येकाचं दूध काचेनं तपासणार. सव्वीसच्या खाली डिग्री लागली तर सगळ्यांसमोर माघारी."

काच म्हणजे लॅक्टोमीटर. दुधात सोडली की ती नळी तरंगते. दूध कसदार असलं तर वर राहते, पाणी घातलेलं असलं तर खाली जाते. तिच्या जोडीला थर्मामीटर लागतो, कारण दूध गरम असलं की पातळ होतं आणि काच कमी दाखवते. तेवढा फरक धरून आकडा वाढवायचा असतो. हे मला पाठ होतं. माझा थर्मामीटर पहिल्याच महिन्यात फुटला होता. नवा आणायला बीडला जायचं म्हणजे केंद्र बंद ठेवायचं. मी गेल्यावर माप कोण धरणार? म्हणून ते राहूनच गेलं होतं. एकट्याच्या धंद्यात अशी राहिलेली कामं आपल्याला दिसेनाशी होतात. दुसरं माणूस असतं तर त्यानं टोकलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिली चरवी काकूची. काच सोडली, ती खाली गेली.

"काकू, चोवीस."

"म्हंजी?"

"म्हंजी पाणी हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "काकूच्या हिरीला लई पाणी दिसतंय बे! टँकर हिकडंच लावा!" रांग हसली.

काकू हसली नाही. "लेकरा, गावात प्यायला पाणी न्हाई. टँकरच्या दोन घागरीवर मी अन् म्हैस दोघी जगतो. दुधात कुठलं वतू?"

"ते मला म्हाईत न्हाई. काच खोटं बोलत न्हाई."

तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "ह्याची आन घेऊन सांगते."

ती बाई लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. श्रावणात सोमवारी कपिलधारला पायी जायची. त्या लिंगावर हात ठेवून ती खोटं बोलणार नाही हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि तिच्या घरात सहा हिवाळे काढलेल्या मला तर सगळ्यांपेक्षा जास्त. तरी मी बोललो, "आन घेऊन डिग्री वाढत न्हाई, काकू. व्हा बाजूला."

तिनं चरवीवर पदर ओढला आणि गेली. मला त्या वेळी वाईट वाटलं असं लिहिता आलं असतं, पण ते खोटं होईल. मला बरं वाटलं होतं. घरच्या माणसालाही सोडत नाही, असा दरारा बसेल असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि आठवड्याच्या आत कॅन तिसऱ्यांदा परत आला.

मी संघाच्या केंद्रावर धावलो. तिथं दूध तपासणारे गृहस्थ जुने, मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तपासता कसं?"

"लॅक्टोमीटरनं."

"अन् थर्मामीटर?"

"फुटलाय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मंग अंदाजपंचे चालू हाय व्हय? बीएस्सी ना तुमी? गरम दूध असंल तर चांगलं बी खाली जाणार. अन् गार दूध असंल तर पाण्याचं बी पास व्हणार." आठ दिवसांची मुदत देऊन त्यांनी मला घालवलं.

तिथूनच बीडला जाऊन थर्मामीटर आणला. दुसऱ्या दिवशी केंद्राजवळच्याच एका घरी माझ्यासमोर धार काढायला लावली. काच सोडली. चोवीस. मग ते भांडं अर्धा-पाऊण तास गार पाण्याच्या टोपात ठेवलं आणि पुन्हा काच सोडली. सत्तावीस भरले. तेच दूध, पाण्याचा थेंब न घातलेलं.

सगळ्यांत जवळचं घर काकूचं, म्हणून सगळ्यांत गरम दूध काकूचं.

थर्मामीटर धरून सगळ्यांचं दूध पाहिलं, तेव्हा पाणी सापडलं. गावातल्या एका बड्या बागाईतदाराच्या किटलीत, छावणीहून गारेगार येणाऱ्या. त्याला मी खोलीच्या मागं नेलं. हळू आवाजात, 'मालक, मालक' करत सांगितलं. रांगेतल्या कुणालाही कळलं नाही. कॅन परत यायचे बंद झाले, केंद्र वाचलं.

मग काकूकडं गेलो. दावणीला म्हैस नव्हती, तिची वगार, म्हणजे पारडी, तेवढी एकटी रवंथ करत होती. दूध घेणारंच कुणी नाही म्हटल्यावर कडबा कशाच्या जिवावर आणायचा? नेकनूरच्या बाजारात तिनं म्हैस विकून टाकली होती, दुष्काळात जे मिळालं त्यात.

"काकू, माझं चुकलं. तुमचं दूध चांगलं हुतं."

"मला म्हाईतच हाय की," ती म्हणाली. "मला काहून सांगतो? रांगंला सांग."

मी रांगेला सांगितलं नाही. खोलीत थर्मामीटर टांगला, नवा नियम सांगितला. तो का आणला हे सांगितलं नाही. एकदा आपली चूक कबूल केली की जो तो आपल्या जुन्या दुधाचं भांडण काढेल, धंदा बसेल, असा मी हिशेब घातला होता. ती भीती थोडी खरी होती. पण जास्त खरं हे की बीएस्सी झालेल्या माणसाची चूक चारचौघांत जायला नको होती.

अशी तीन वर्षं गेली. पाऊसपाणी सुधारलं. एकट्याच्या केंद्रापेक्षा गावाची संस्था व्हावी असं ठरलं आणि देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. मी सभासदांची नावं लिहीत होतो. काकूची वगार विऊन दुभती झाली होती, म्हणून मी तिचं नाव वाचलं. एकजण सहज म्हणाला, "म्हातारीचं नको. त्ये पाण्याचं लफडं पुन्हा कशाला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यात त्याचा काय दोष? तो माझंच वाक्य बोलत होता.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फुटलेला थर्मामीटर, गरम दूध, चोवीस, सत्तावीस. पाणी कुणाच्या किटलीत होतं ते सांगितलं नाही, पण दुसऱ्याच्या होतं एवढं सांगितलं. तो बागाईतदार पुढ्यातल्या सतरंजीकडं बघत राहिला.

"मंग तीन वरसं तोंडात काय धरलं हुतं बे?" कुणीतरी विचारलं.

बायकांच्या बाजूनं काकूचा आवाज आला, "लिवा की आता नाव. घरी धार काढायची ऱ्हायलीय, मला टाइम न्हाई."

लहानपणापासून मला अरे-तुरे करणारी ती बाई त्या दिवसापासून मला 'तुमी' म्हणते. मी कारण विचारलेलं नाही.

संस्था नोंदली गेली, मी तिचा सचिव झालो. आज दोन्ही वेळचं दूध संघाला जातं, दर माणसाच्या दुधाचं तापमान लिहिल्याशिवाय डिग्री लिहिली जात नाही, आणि सभासदांच्या यादीत काकूचं नाव आहे.