मेंदू हरला त्या दुपारी

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात माझ्या धाकट्या भावाला सगळे 'मेंदू' म्हणतात. मला त्या नावाचा वीट आलाय. त्यालाही आलाय, पण तो बोलत नाही.

झालं ते बुद्धिबळामुळे. जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर पट मांडला जायचा आणि भाऊ सगळ्यांना हरवायचा. एकदा मॅनेजरसाहेब सहज म्हणून बसले. तेही हरले. हरतच राहिले, आणि मग त्यांनी भावाला कापणीच्या यंत्रावरून उचलून सुपरवायझर केलं. "असलं डोकं यंत्रापाशी काय कुजवायचं?" म्हणाले. भावजय आनंदाने रडली. मी म्हटलं, पट वेगळा, माणसं वेगळी. पण माझं ऐकतंय कोण?

भावाला मी लहानपणापासून ओळखते. पटावर त्याला पुढचं सगळं दिसतं. पटावरून उठला, की भाजी आणायला जाऊन पिशवी तिथेच विसरून येतो. समोरचा माणूस रागावलाय हे त्याला सांगावं लागतं. म्हणून तो मठ्ठ आहे का? मुळीच नाही. त्याच्याकडे जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. साहेबांचं तरी वेगळं काय आहे?

कोणी कुठल्या टेबलावर बसायचं, हे आता तो ठरवू लागला. आमच्या चिकटवण विभागात दोघी जावा आहेत. दोघींत विस्तव जात नाही. पण हात दोघींचेही भराभर चालतात, म्हणून भावाने त्यांना एकाच टेबलावर समोरासमोर बसवलं. एकीने घडी घालायची, दुसरीने डिंक लावायचा. दुपारपर्यंत दोघींनी सगळा माल उलटा चिकटवला होता, छपाई आत आणि कोरी बाजू बाहेर. दिसत दोघींनाही होतं. पण आधी तोंड कोणी उघडायचं?

"अरे, त्या बोलत नाहीत एकमेकींशी. तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"माहीत होतं गं ताई. पण कामात त्याचा काय संबंध, असं वाटलं." तो त्या वाया गेलेल्या खोक्यांवरच बसला. "मला नाही जमत. मला माझं यंत्र परत पाहिजे."

तसं तो साहेबांना सांगूनही आला. साहेब हसले. "तुझ्यासारख्या डोकेबाज माणसाला जमत नाही? उगाच नम्रपणा नको."

मग मीच सुचवलं, "ज्या डोक्यापायी वर चढवलं, तेच बिघडलेलं दाखव. हर त्यांच्याशी."

त्याला ते फार जड गेलं. अख्ख्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याला नीट येत होती. तरी त्या दुपारी त्याने वजीर उघड्यावर सोडला. साहेबांना दिसेना. पुन्हा सोडला, तर साहेबांनी भलतंच प्यादं सरकवलं. शेवटी त्याने वजीर जवळजवळ त्यांच्या हातातच ठेवला. मात झाली तेव्हा भावाचा चेहरा इतका उतरला, की मला माझीच अक्कल नकोशी झाली.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी डिंकाचा ब्रश हातात धरून दाराकडे बघत बसले. तो बाहेर आला आणि यंत्राकडे न जाता माझ्याकडे आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मुद्दाम हरलास, ओळखलं मी. साहेबाला कधी जिंकू द्यायचं हे कळणाऱ्याला माणसं कळतात." तो थकून स्टुलावर टेकला. "आता पॅकिंगही माझ्याकडेच दिलंय."

"अरे, मग खरं सांगून टाकायचं ना!"

"सांगितलं. म्हटलं, यातलं माझं काही नाही, हे सगळं ताईचं डोकं."

"मग?"

"हसले. म्हणाले, तिला कुठे बुद्धिबळ येतं?"